एकच डेव्हलपमेंट प्लॅटफॉर्म की प्रत्येक कामाला वेगळं टूल?

मूळांक (धागाकर्ता)

एका रिपॉझिटरीत (गिटमध्ये ठेवलेला कोडचा साठा, पुढे ‘रिपो’) चार जातींचा कोड आहे. स्प्रिंग बूट या फ्रेमवर्कवरची जावा सर्व्हिस (बिल्ड, म्हणजे कोडपासून चालणारा प्रोग्रॅम बनवणं, ग्रेडल या टूलवर), टाइपस्क्रिप्टमधला वेब फ्रंटएंड (ब्राउझरमध्ये चालणारा भाग), डेटा साफ करणाऱ्या पायथन स्क्रिप्ट्स आणि एसटीएम३२ मायक्रोकंट्रोलरसाठी सीमधलं फर्मवेअर (चिपवर थेट चालणारा कोड). टीम सहा-सात जणांची, आणि बहुतेकांना आठवड्यात किमान दोन भागांत हात घालावा लागतो.

दोन प्रस्ताव समोर आहेत. पहिला: सगळ्यांनी मायक्रोसॉफ्टचा व्हीएस कोड हा एडिटर वापरायचा, म्हणजे शॉर्टकट एक, सेटिंग्ज एक, नवीन माणसाला शिकवायचं एकदाच. दुसरा: प्रत्येक कामाचं खास टूल, म्हणजे जावाला इंटेलिजे, पायथनला पायचार्म, फर्मवेअरला चिप बनवणाऱ्या एसटी कंपनीचं एसटीएम३२क्यूबआयडीई, आणि फ्रंटएंडवाल्यांनी हवं ते घ्यावं.

‘कुठलं टूल भारी’ हा वाद नको आहे. प्रत्येक पर्यायात नेमकं कुठे अडतं, का अडतं आणि त्यावर काय करता येतं, एवढं लिहिलंत तर फार उपयोग होईल.

कंस

आधी एक गोष्ट सुटी करू. ‘एक प्लॅटफॉर्म’ म्हणताना आपण फक्त वरच्या खिडकीबद्दल बोलत असतो. २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल (एलएसपी) खुला केला. त्यात एडिटर ही एक प्रोसेस आणि भाषेची जाण असलेलं इंजिन ही दुसरी. दोघांत जेसन-आरपीसीने निरोपांची देवाणघेवाण. व्हीएस कोडमध्ये जावाची फाइल उघडली की मागे रेड हॅटच्या एक्स्टेंशनमधून (एडिटरला जोडायच्या भागातून) इक्लिप्स या दुसऱ्या टूलचंच जेडीटी इंजिन सुरू होतं. सीसाठी क्लँगडी हे इंजिन घेतलं तर ते एलएलव्हीएमच्या कंपायलरवर उभं आहे. टाइपस्क्रिप्टचा टीएससर्व्हर तर एलएसपीच्या आधीपासूनचा, त्याचा स्वतःचा प्रोटोकॉल आहे.

म्हणजे खिडकी एक ठेवा नाहीतर चार, इंजिनं चार विशेषच असणार. बघायचं ते हे, की प्रोटोकॉलमधून काय पलीकडे पोचतं. पूर्ण होणारे शब्द, व्याख्येवर उडी, नाव बदलणं, एरर दाखवणं, फॉरमॅट करणं हे सगळं नीट पोचतं. दोन भाषांच्या मधली गोष्ट पोचत नाही. जावामधल्या एंडपॉइंटचा (फ्रंटएंड जिथे विनंती पाठवतो त्या जागेचा) पाथ बदलला तर टाइपस्क्रिप्टच्या सर्व्हरला त्याचा पत्ता लागत नाही, कारण दोन्ही सर्व्हर एकमेकांशी बोलतच नाहीत. ही उणीव खिडकी भरून काढू शकत नाही. ओपनएपीआय या ठरलेल्या स्वरूपात लिहिलेल्या सर्व्हिसच्या वर्णनातून टाइपस्क्रिप्टचे टाइप जनरेट करून घेतले, की तीच चूक कंपाइल करताना पकडली जाते आणि मग एडिटर कुठला याने फरक पडत नाही.

चौकट

कंस यांचं म्हणणं अर्धं मान्य. पण ‘इंजिनं सारखीच’ असा अर्थ त्यातून कोणी काढू नये. इंटेलिजे एलएसपीवर उभं नाही. ते सगळ्या भाषांतल्या कोडच्या रचनेची झाडं एकाच अंतर्गत मॉडेलमध्ये ठेवतं आणि त्याची इंडेक्स डिस्कवर बांधतं. त्यामुळे जावाच्या स्ट्रिंगमध्ये लिहिलेलं एसक्यूएल त्याला एसक्यूएल म्हणूनच दिसतं. डेटाबेस जोडलेला असेल तर त्या स्ट्रिंगच्या आत कॉलमची नावं सुचतात आणि नसलेला कॉलम लिहिला की लगेच खूण येते. स्प्रिंगची बीन (स्प्रिंगने बनवून दिलेला ऑब्जेक्ट) कुठून येते, तिथे उडी मारता येते. रिफॅक्टरिंगमध्येही (वागणूक तीच ठेवून कोडची रचना बदलण्यात) नुसतं नाव बदलणं नाही: मेथडची सिग्नेचर बदलणं, सदस्य वरच्या क्लासमध्ये नेणं, रचनेनुसार शोधून बदलणं. मोठ्या जावा कोडमध्ये ही कामं रोजची असतात.

याची किंमत मेमरीत मोजावी लागते. हीपची (टूलला वापरायला मिळणाऱ्या मेमरीची) डीफॉल्ट मर्यादा २०४८ एमबी असते. मोठ्या प्रोजेक्टला ती कमी पडली की सतत गार्बेज कलेक्शन (नको असलेली मेमरी मोकळी करणं) चालू राहतं आणि टायपिंग अडखळतं. हेल्प मेनूतल्या ‘चेंज मेमरी सेटिंग्ज’मधून ती ४०९६ करावी, १६ जीबीच्या यंत्रावर त्याहून फार वर नेऊ नये, कारण ग्रेडलचा डीमन (मागे चालू राहणारी प्रोसेस) आणि चालू असलेली सर्व्हिस यांनाही जागा लागते.

एक बारकावा. इंटेलिजेचं अल्टिमेट सबस्क्रिप्शन असेल तर प्लगइन टाकून पायचार्म आणि फ्रंटएंडच्या वेबस्टॉर्मचं जवळपास सगळं काम त्याच खिडकीत होतं. मग पायचार्म वेगळं कशाला? मात्र सी/सी++ त्यात बसत नाही, त्यासाठी सीलायन हे वेगळं टूल लागतं. म्हणजे तुमच्या यादीतली चार टूल्स प्रत्यक्षात दोनच उरतात.

कंस

@चौकट, इथे दुरुस्ती सुचवतो. स्प्रिंगच्या वायएएमएल (सेटिंग्जच्या) फाइलमधली कीजची नावं सुचवणं, बीन दाखवणं हे व्हीएस कोडमध्येही आहे. स्प्रिंग टूल्सचं एक्स्टेंशन त्यासाठी स्वतःचा वेगळा लँग्वेज सर्व्हर चालवतं. रिफॅक्टरिंगच्या खोलीबद्दल तुमचंच बरोबर.

जावासाठी व्हीएस कोड घेणाऱ्यांना एका गोष्टीची मात्र खणखणीत कल्पना हवी. तिथे बॅकग्राउंडला कंपाइल करतो तो इक्लिप्सचा कंपायलर, जावासी (जावाचा नेहमीचा कंपायलर) नव्हे. तो चुकीची मेथड असलेला क्लाससुद्धा बनवून देतो आणि ती मेथड चालवली की रनटाइमला ‘अनरिझॉल्व्ड कंपायलेशन प्रॉब्लेम’ फेकतो. जेनेरिक्सच्या (टाइप पॅरामीटर म्हणून घेणाऱ्या कोडच्या) गुंतागुंतीच्या ओळी कधी एका कंपायलरला पटतात, दुसऱ्याला नाही. एडिटरमध्ये टेस्ट हिरवी आणि सीआयवर (बिल्ड-टेस्ट आपोआप चालवणाऱ्या सर्व्हरवर) कंपाइल एरर, असा घोळ दिसला तर पहिला संशय यावर घ्या. कमिटच्या आधी टर्मिनलमधून ग्रेडल रॅपरने (रिपोतच ठेवलेल्या, ग्रेडल चालवणाऱ्या स्क्रिप्टने) टेस्ट चालवणं हाच भरवशाचा मार्ग.

चौकट

+१. इंटेलिजेमध्येही याचा जुळा भाऊ आहे. ग्रेडल प्रोजेक्ट ‘इंटेलिजे आयडिया’ने बिल्ड करायचा पर्याय निवडला तर तो ग्रेडलला बाजूला ठेवून स्वतः कंपाइल करतो आणि ‘आउट’ फोल्डरमध्ये टाकतो. ग्रेडलमध्ये रिसोर्सवर काही प्रक्रिया होत असेल किंवा कोड जनरेट होत असेल तर ते टप्पे गळतात. डीफॉल्ट असलेला ‘ग्रेडल’ तसाच ठेवावा. सुरुवात थोडी हळू होते, पण निकाल एकच येतो.

रजिस्टर

फर्मवेअरवर सविस्तर लिहितो, कारण एडिटर बदलल्याने सर्वांत जास्त काही हरवतं ते इथे.

एसटीएम३२क्यूबआयडीई इक्लिप्सवरच बांधलेलं आहे. त्याचा कोड एडिटर फारसा चांगला नाही, पण चिपबद्दलचं ज्ञान आयतं मिळतं: डीबग प्रोबची जोडणी, पेरिफेरलचे रजिस्टर नावानिशी, आणि २.० च्या आधीच्या आवृत्त्यांत पिनांची मांडणी आणि क्लॉकचं झाडही (आता त्यासाठी क्यूबएमएक्स हे एसटीचंच टूल वेगळं घ्यावं लागतं). व्हीएस कोडमध्ये हे सगळं मिळतं, फक्त प्रत्येक तुकडा हाताने जोडावा लागतो. क्रम असा ठेवा.

क्यूबएमएक्समध्ये टूलचेन म्हणून सीमेक (सीच्या प्रोजेक्टचा बिल्ड मांडणारं टूल) निवडून प्रोजेक्ट जनरेट करा. जनरेट झालेल्या फाइलींत ‘यूजर कोड बिगिन’ आणि ‘यूजर कोड एंड’ या खुणांच्या मधेच लिहा. बाहेर लिहिलेलं पुढच्या जनरेशनला पुसलं जातं. हा नियम दोन्ही टूल्सना सारखाच लागू आहे.

सीमेकला ‘एक्सपोर्ट कंपाइल कमांड्स’ चालू करा आणि जनरेटर (सीमेक ज्या टूलसाठी बिल्डच्या फाइली लिहितं ते) निंजा किंवा मेकफाइल ठेवा. हा पर्याय बाकीच्या जनरेटरना लागू होत नाही. त्यातून कंपाइल कमांड्सची जेसन फाइल बनते. क्लँगडी ती चालू फाइलच्या वरच्या फोल्डरांत आणि त्यांतल्या ‘बिल्ड’ नावाच्या फोल्डरात शोधतो. बिल्ड फोल्डरचं नाव वेगळं असेल तर त्याला ती सापडत नाही आणि सगळी फाइल लाल होते. प्रोजेक्ट साध्या मेकवर असेल तर ‘बेअर’ हे टूल पुढे लावून मेक चालवा, तीच फाइल मिळते.

फाइल सापडूनही स्टँडर्ड हेडर सापडत नसतील, किंवा ते तुमच्या पीसीचे उचलले जात असतील, तर क्लँगडीला ‘क्वेरी ड्रायव्हर’ हा फ्लॅग देऊन आर्मच्या जीसीसी कंपायलरचा पाथ सांगा. सुरक्षेसाठी क्लँगडी अनोळखी कंपायलर स्वतःहून चालवत नाही, म्हणून परवानगी द्यावी लागते. जीसीसीचे काही फ्लॅग क्लँगला कळत नाहीत. ते डॉट-क्लँगडी फाइलमधल्या ‘रिमूव्ह’ यादीत टाका. आणि मायक्रोसॉफ्टचं सी/सी++ एक्स्टेंशनही लावलेलं असेल तर त्याचं इंटेलिसेन्स (सुचवणं-तपासणं) बंद करा, नाहीतर प्रत्येक एरर दोनदा दिसते.

डीबगसाठी कॉर्टेक्स-डीबग एक्स्टेंशन आणि ओपनओसीडी (पीसीवरून चिपशी बोलणारा प्रोग्रॅम). जीडीबी या डीबगरसाठीचा डीफॉल्ट पोर्ट ३३३३, टेलनेटचा ४४४४. पेरिफेरलचे रजिस्टर नावाने हवे असतील तर त्या चिपची एसव्हीडी फाइल (रजिस्टरांची नावं आणि पत्ते असलेली) द्या. ती दिली नाही तर नुसते पत्ते वाचत बसावं लागतं.

आता कुठे फसतं. एसटी-लिंक (चिपला जोडायचा डीबग प्रोब) एका वेळी एकाच प्रोग्रॅमच्या ताब्यात असतो. क्यूबप्रोग्रॅमर (चिपमध्ये कोड भरणारं टूल) मागे जोडलेला राहिला की ओपनओसीडी ‘डिव्हाइस उघडता येत नाही’ म्हणून थांबतो आणि लोक विनाकारण केबल बदलत बसतात. कॉर्टेक्स-एम४ या प्रोसेसर कोअरमध्ये हार्डवेअर ब्रेकपॉइंट (कोड थांबवायच्या खुणा) सहाच असतात, एम० मध्ये चारच. कोड फ्लॅशमधून चालतो, त्यामुळे सातवा लावला की जीडीबी नकार देतो. ब्रेकपॉइंटवर थांबल्यावर चिप आपोआप रीसेट होत असेल तर तो वॉचडॉग (कोड अडकला असं समजून चिप रीसेट करणारा टायमर). क्यूबआयडीईच्या डीबग कॉन्फिगरेशनमध्ये, थांबलेलं असताना वॉचडॉग गोठवण्याचा पर्याय आहे. ओपनओसीडीबरोबर काम करताना चिपच्या डीबीजीएमसीयू (डीबग सेटिंग्जच्या) ब्लॉकमधला संबंधित बिट लागला आहे का ते स्वतः तपासायचं. एसडब्ल्यूओ ट्रेसमध्ये (चिपने एका पिनवरून पाठवलेल्या नोंदींत) कचरा दिसत असेल तर टूलमध्ये लिहिलेली कोअर क्लॉकची संख्या आणि चिपची खरी एचक्लॉक (कोअरचा वेग) जुळत नाही असं समजा. एम० वर एसडब्ल्यूओ नसतोच, तिथे शोधू नका.

फर्मवेअरवर पूर्ण वेळ काम करणाऱ्याने हे एकदा जोडून कॉन्फिगरेशन रिपोत टाकलं की इतरांना आयतं मिळतं. असा एक माणूस टीममध्ये नसेल तर क्यूबआयडीईच ठेवा.

लघुलिपी

वरच्या सगळ्या प्रतिसादांत एक धागा दिसतो: जिथे बिल्ड एडिटरच्या पोटात शिरतो तिथे भांडण सुरू होतं. म्हणून टूल निवडण्याआधी पुढचं काम करा. रिपो ताजा क्लोन करून, एकही एडिटर न उघडता, प्रत्येक भाग एकेका कमांडने बिल्ड आणि टेस्ट झाला पाहिजे. जावाला ग्रेडल रॅपर. फ्रंटएंडला ‘एनपीएम सीआय’. ‘एनपीएम इन्स्टॉल’ नको, तो लॉक फाइल (पॅकेजेसच्या पक्क्या आवृत्त्यांची यादी) बदलू शकतो. पायथनला व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (त्या प्रोजेक्टपुरती वेगळी पॅकेजेस) आणि आवृत्त्या पक्क्या केलेली लॉक फाइल. फर्मवेअरला सीमेक प्रीसेट्स (सीमेक ३.१९ पासून मिळतात), ज्यात टूलचेन फाइल आणि बिल्ड फोल्डर दोन्ही लिहिलेले असतात. व्हीएस कोड आणि सीलायन दोघांनाही ते प्रीसेट वाचता येतात.

त्यानंतर फॉरमॅटिंग. जावाच्या बाबतीत हे फार चिघळतं. व्हीएस कोडमागचं जेडीटी इक्लिप्सचा फॉरमॅटर वापरतं, इंटेलिजेचा स्वतःचा आहे, आणि सारखी सेटिंग्ज देऊनही दोघांचं आउटपुट सारखं येत नाही. शिवाय इंटेलिजे डीफॉल्टने एकाच पॅकेजमधले पाच क्लास इम्पोर्ट झाले की त्यांची एक तारांकित ओळ करतं. दोन माणसं दोन टूल्सनी एकच फाइल सेव्ह करत राहिली की कमिटचा निम्मा फरक इम्पोर्टचा असतो आणि रिव्ह्यू करणाऱ्याला खरा बदल दिसत नाही. उपाय एकच: फॉरमॅटर बिल्डमध्ये ठेवा. जावाला स्पॉटलेस या ग्रेडल प्लगइनमधून गूगल-जावा-फॉरमॅट, टाइपस्क्रिप्टला प्रेटिअर, पायथनला रफ, सीला क्लँग-फॉरमॅट. आवृत्त्याही पक्क्या करा. क्लँग-फॉरमॅटच्या दोन आवृत्त्या एकाच सेटिंगवर वेगळा कोड देतात.

एडिटरकॉन्फिग फाइल (टॅब-स्पेसचे नियम सगळ्या एडिटरना सांगणारी) मुळाशी ठेवा, तिच्यात ‘रूट’ खरं करा. मेकफाइलसाठी टॅबचा वेगळा नियम लिहा, कारण तिथे स्पेस आल्या की मेक थेट मोडतं. ओळींचे शेवट गिट-अ‍ॅट्रिब्यूट्समध्ये ठरवा, प्रत्येकाच्या गिट सेटिंगवर सोडू नका. बॅश स्क्रिप्टमध्ये विंडोजचे शेवट शिरले की लिनक्स कंटेनरमध्ये ‘फाइल सापडली नाही’ अशी दिशाभूल करणारी एरर येते. फाइल तिथेच असते, पहिल्या ओळीतल्या इंटरप्रिटरच्या नावाला एक अदृश्य अक्षर चिकटलेलं असतं.

एवढं झालं की टीममधल्या एकाने इमॅक्स वापरला काय आणि दुसऱ्याने इंटेलिजे, रिपोला फरक पडत नाही.

मूळांक (धागाकर्ता)

@रजिस्टर, @लघुलिपी, मनापासून आभार. आणखी एक अडचण: व्हीएस कोडमध्ये रिपोचा मूळ फोल्डर उघडला की सगळं फार मंद होतं, आणि पायथनच्या इम्पोर्टखाली पिवळ्या रेषा येतात, स्क्रिप्ट चालत असूनही. एकच प्लॅटफॉर्म घेतला तर हे रोज सोसावं लागेल का?

सातवा_स्तर

नाही, पण मूळ फोल्डर उघडायची सवय सोडावी लागेल. तो उघडल्यावर चारही इंजिनं एकदम उठतात: जावाची व्हर्च्युअल मशीन, टीएससर्व्हर (त्याची डीफॉल्ट मर्यादा ३०७२ एमबी), पायथनचं विश्लेषण, क्लँगडीची बॅकग्राउंड इंडेक्स. प्रत्येक आपापल्या परीने पूर्ण झाड चाळतं.

आधी मोजा. हेल्प मेनूतला ‘प्रोसेस एक्स्प्लोरर’ कुठली प्रोसेस किती सीपीयू आणि मेमरी खाते ते दाखवतो. ‘शो रनिंग एक्स्टेंशन्स’मध्ये कुठलं एक्स्टेंशन सुरू व्हायला किती मिलिसेकंद घेतं ते दिसतं. दोषी सापडत नसेल तर ‘स्टार्ट एक्स्टेंशन बायसेक्ट’: तो निम्मी एक्स्टेंशन्स बंद करून विचारतो, अजून त्रास आहे का, आणि असं अर्धं-अर्धं करत एकावर येतो. चाळीस एक्स्टेंशन्स असतील तर सहाएक फेऱ्यांत निकाल.

मग मल्टी-रूट वर्कस्पेस करा: चार फोल्डर, चार मुळं, एक वर्कस्पेस फाइल. पिवळ्या रेषांचं कारण बहुतेक हेच आहे, की विश्लेषण रिपोच्या मुळापासून इम्पोर्ट शोधतं आणि तुमचं पॅकेज दोन पातळ्या खाली आहे. पायथनचा फोल्डर स्वतः मूळ झाला की ते सुटतं. नाहीच सुटलं तर ‘एक्स्ट्रा पाथ्स’ द्या, आणि खालच्या पट्टीत इंटरप्रिटर प्रोजेक्टच्या व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटचाच आहे ना ते बघा. टाइपस्क्रिप्टसाठी ‘यूज वर्कस्पेस व्हर्जन’ निवडा. व्हीएस कोड स्वतःबरोबर टाइपस्क्रिप्टची वेगळी आवृत्ती आणतो आणि एडिटरमधल्या एरर बिल्डशी जुळत नाहीत त्या यामुळे.

प्रोफाइल वापरा. ‘फर्मवेअर’ नावाच्या प्रोफाइलमध्ये जावाची एक्स्टेंशन्स असूच नयेत. बिल्डचे फोल्डर आणि नोड मॉड्यूल्स फाइल-वॉचरमधून आणि शोधातून वगळा. लिनक्सवर ‘फाइल बदल पाहता येत नाहीत’ असा इशारा आला तर आयनोटिफायची (फाइलींवर नजर ठेवणाऱ्या कर्नलच्या सोयीची) वॉच मर्यादा ५,२४,२८८ करा. पण आधी वगळा, मग मर्यादा वाढवा, कारण प्रत्येक वॉच कर्नलची मेमरी घेतो.

समांतर

एका खिडकीचा मोठा फायदा अजून कोणी मांडला नाही, तो म्हणजे डीबगिंग. लाँच फाइलमध्ये (डीबग कसं सुरू करायचं ते लिहिलेल्या) ‘कंपाउंड’ लिहिलं की एका बटणाने जावा सर्व्हिसला जोडणी होते, ब्राउझर उघडतो आणि पायथन स्क्रिप्ट सुरू होते. एकच विनंती फ्रंटएंडच्या ब्रेकपॉइंटपासून जावाच्या ब्रेकपॉइंटपर्यंत एका ठिकाणी बघता येते. चार भागांचा वाद सोडवताना याला तोड नाही, आणि माझ्या मते पहिल्या प्रस्तावाच्या बाजूने हा सर्वांत भक्कम मुद्दा आहे.

जावा कंटेनरमध्ये असेल तर जेडीडब्ल्यूपीच्या (जावाला बाहेरून डीबगर जोडण्याच्या प्रोटोकॉलच्या) पत्त्यात नुसता ५००५ लिहू नका. जेडीके ९ पासून नुसता पोर्ट दिला तर तो फक्त लोकलहोस्टवर ऐकतो, म्हणजे कंटेनरच्या आतच. पोर्ट बाहेर उघडलेला असतो, तरी जोडणी लागत नाही. पोर्टच्या आधी तारांकन आणि कोलन लिहा, आणि हे फक्त डेव्हलपमेंटच्या कॉन्फिगरेशनमध्ये ठेवा. तो पोर्ट ज्याच्या हाती लागेल त्याला आत हवा तो कोड चालवता येतो.

एकाच प्रोसेसमध्ये दोन भाषा असतील तर मात्र कंपाउंड कामाचं नाही. सी# मधून सी++ मध्ये एकाच कॉल स्टॅकवर उतरायचं असेल तर दोन्ही भाषा एकत्र डीबग करणारं टूल लागतं, उदाहरणार्थ विंडोजवरचं पूर्ण व्हिज्युअल स्टुडिओ.

तळटीप

नोटबुकचं थोडक्यात. ज्युपिटर नोटबुक शोधाशोधीला उत्तम, पण सेल (कोडचे सुटे तुकडे) क्रम सोडून चालवता येतात, त्यामुळे पुसून टाकलेल्या सेलमधलं व्हेरिएबल मेमरीत जिवंत राहतं. ‘रीस्टार्ट करून सगळं चालवा’ यात पास न झालेलं नोटबुक कमिट करू नये. आउटपुट काढून टाकायला एनबीस्ट्रिपआउट हे टूल गिटच्या फिल्टरमध्ये लावा. रोज चालणारी स्क्रिप्ट साध्या पायथन फाइलमध्येच असावी.

रानवाट

मी टूल किती काळ टिकेल याच्या बाजूने बघतो. अँड्रॉइडचं काम आधी इक्लिप्सच्या एडीटी प्लगइनवर चालायचं. २०१३ मध्ये गूगलने इंटेलिजेवर आधारलेलं अँड्रॉइड स्टुडिओ जाहीर केलं, डिसेंबर २०१४ मध्ये त्याची १.० आली आणि २०१५ संपताना एडीटीचा आधार काढून घेतला. तिथे सर्वसमावेशक खिडकी हरली. उलट दिशेची उदाहरणंही आहेत. ॲपलच्या प्लॅटफॉर्मसाठी जेटब्रेन्सचं (इंटेलिजे बनवणाऱ्या कंपनीचं) खास टूल ॲपकोड होतं, त्याची विक्री २०२२ मध्ये थांबली. ॲटम हा सर्वांसाठीचा एडिटर होता, तोही डिसेंबर २०२२ मध्ये बंद झाला. मॅकसाठीचं व्हिज्युअल स्टुडिओ ऑगस्ट २०२४ मध्ये संपलं. खास असो वा सर्वसमावेशक, दोन्ही जाती मरतात. बिल्ड ज्यांचा प्रोजेक्ट फाइलीत अडकलेला होता त्यांना हलायला त्रास झाला. साध्या मजकुरी फाइलींत होता त्यांनी खिडकी बदलली आणि काम पुढे नेलं.

व्हीएस कोडबद्दल परवान्याचा मुद्दा नीट वाचा. मूळ कोड खुला आहे, पण पायलान्स (पायथनचं इंजिन), रिमोट-एसएसएच (दूरच्या यंत्रावर काम करायला), सी/सी++ अशी मायक्रोसॉफ्टची काही एक्स्टेंशन्स फक्त मायक्रोसॉफ्टच्या उत्पादनांतच वापरायची परवानगी देतात. कोणी व्हीएसकोडियम किंवा त्याच खुल्या कोडवरचा दुसरा फोर्क वापरत असेल तर त्याला ओपन व्हीएसएक्स या खुल्या एक्स्टेंशन-साठ्यातून पर्याय शोधावे लागतात. सीला क्लँगडी आहे, पायथनला बेस्डपायराइट आहे. टीमची सेटिंग्ज पायलान्सवर बांधण्याआधी हे ठरवा.

रिमोटवाल्यांसाठी अजून एक: व्हीएस कोडच्या सध्याच्या सर्व्हरला जीलिबसी (लिनक्सची मूळ सी लायब्ररी) २.२८ किंवा पुढची लागते. सेंटओएस ७ वर २.१७ आहे, त्यामुळे तिथे जोडणी होत नाही. जुने सर्व्हर असतील तर निर्णयाआधी तिथे एकदा जोडून बघा.

रजिस्टर

रानवाट यांच्या मुद्द्याला जोडून: काही टूल्सना पर्यायच नसतो, पण त्यांच्यात राहायची सक्ती नसते. झायलिंक्सच्या एफपीजीएसाठी (आतलं सर्किट नंतर ठरवता येणारी चिप) सिंथेसिस, म्हणजे कोडपासून सर्किट बनवणं, बहुधा विवाडोमध्येच होणार. तरी व्हेरिलॉग (सर्किट लिहायची भाषा) हव्या त्या एडिटरमध्ये लिहा आणि विवाडो टीसीएल स्क्रिप्टने बॅच मोडमध्ये चालवा. प्रोजेक्ट फाइलऐवजी ती स्क्रिप्ट गिटमध्ये ठेवा. आयओएसचंही तसंच, साइनिंग आणि सिम्युलेटर एक्सकोडकडे, बिल्ड एक्सकोडबिल्ड या कमांडने.

मूळांक (धागाकर्ता)

आतापर्यंतच्या प्रतिसादांवरून असं धरतोय: बिल्ड, टेस्ट आणि फॉरमॅट आधी टर्मिनलवर आणायचं. व्हीएस कोडचं मल्टी-रूट वर्कस्पेस आणि कंपाउंड डीबग सगळ्यांसाठी रिपोत ठेवायचं. जावावर मुख्य काम करणाऱ्या तिघांना इंटेलिजे. फर्मवेअरवाल्याने कॉर्टेक्स-डीबग जोडून द्यायचं, तोवर क्यूबआयडीई. हरकत कोणाची?

चौकट

माझी थोडी आहे. जावामध्ये आठवड्यातून एकदा हात घालणाऱ्यालाही इंटेलिजे द्या. ज्याला तो कोड कमी माहीत आहे त्यालाच टूलच्या ज्ञानाची जास्त गरज असते. डेटा-फ्लोचे इशारे, नल (रिकामं मूल्य) कुठून आला याचा माग हे अनुभवी माणूस डोळ्यांनीही पकडतो.

कंस

यावर मी सहमत नाही. आठवड्यातून एकदा उघडलेलं जड टूल म्हणजे दर वेळी अपडेट, इंडेक्सिंग आणि विसरलेले शॉर्टकट. अधूनमधून येणाऱ्याला ओळखीची खिडकीच बरी; नलचे इशारे हवे असतील तर एररप्रोन आणि नलअवे ही तपासणीची टूल्स ग्रेडलमध्ये लावा, मग ते सगळ्यांना आणि सीआयवरही मिळतात. शॉर्टकटची अडचण दुसऱ्या बाजूने सोडवता येते: व्हीएस कोडसाठी इंटेलिजेच्या कीजचं एक्स्टेंशन आहे, आणि इंटेलिजेत व्हीएस कोडचा कीमॅप निवडता येतो.

मोजूनच ठरवायचं असेल तर त्या माणसाला दोन्ही टूल्सवर तीच तीन कामं द्या. ताज्या क्लोनपासून पहिल्या ब्रेकपॉइंटपर्यंत पोचणं, एका इंटरफेसच्या मेथडला पॅरामीटर वाढवणं आणि लाल झालेली एक टेस्ट दुरुस्त करणं. पहिल्या कामाचा वेळ दोनदा घ्या, एकदा इंडेक्स नसताना आणि एकदा दुसऱ्या दिवशी.

लघुलिपी

दोन्ही टूल्स राहणार असतील तर कुठल्या फाइली कमिट करायच्या ते आत्ताच ठरवून टाका. डॉट-व्हीएसकोड फोल्डरमधून सेटिंग्ज, लाँच, टास्क्स आणि एक्स्टेंशन्सच्या शिफारशी ठेवा. सेटिंग्जमध्ये रंग, फॉन्ट, स्वतःच्या यंत्रावरचे पूर्ण पाथ येऊ देऊ नका. डॉट-आयडिया फोल्डरमधली ‘वर्कस्पेस’ एक्सएमएल फाइल कधीच कमिट करू नका, ती प्रत्येकाच्या उघड्या टॅबनी रोज बदलते. रन कॉन्फिगरेशन शेअर करायची असतील तर ‘स्टोअर ॲज प्रोजेक्ट फाइल’वर खूण करा आणि जागा म्हणून डॉट-रन फोल्डर निवडा. जावाच्या फोल्डरमधलं ‘बिन’ आणि ‘आउट’, आणि क्लँगडीची डॉट-कॅश ही तिन्ही गिट-इग्नोरमध्ये टाका.